आवाजाला आवाजाचे उत्तर : वाहनाच्या केबिनमधील सक्रिय गोंगाट-नियंत्रण

प्रास्ताविक

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, कृतज्ञता असावी, तसाच एखादा पाठही असावा, असे आम्हांस वाटते. शाळा ही अखेर शिकण्याची जागा. येथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना पुन्हा एकदा बाकावर बसविण्याची संधी विज्ञान विभागाने का सोडावी? या भूमिकेतून आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

विषय मुद्दाम रोजच्या जगण्यातला निवडला आहे. आपले माजी विद्यार्थी आज नाना व्यवसायांत आहेत. कोणी एसटीचे चालक आहेत, कोणी मालमोटार किंवा टॅक्सी चालवितात, कोणी मोटारींच्या कारखान्यांत काम करतात, आणि जवळजवळ सर्वच जण दिवसाचा काही भाग कोणत्या ना कोणत्या वाहनात घालवितात. अलीकडे महागड्या मोटारींच्या जाहिरातींत ‘आतला आवाज नाहीसा करणारी प्रणाली’ असे शब्द दिसतात. ही प्रणाली लाउडस्पीकरमधून आणखी आवाज सोडते आणि त्यामुळे केबिनमधील आवाज कमी होतो! ऐकणाऱ्याला हे कोडे वाटते. आवाजात आवाज मिळविल्यावर तो वाढायला हवा. मग कमी कसा होतो? आणि खरोखर कमी होत असेल, तर दिवसाचे आठ-दहा तास इंजिनाशेजारी बसणाऱ्या चालकाचे कान त्याने वाचतील काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दुसऱ्याचे उत्तर पहिले नीट समजल्याशिवाय देता येत नाही. म्हणून या पाठात आपण दोन्ही प्रश्न क्रमाने पाहू.

ध्वनी आणि त्याची तीन मापे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा जलद चढउतार. ढोलाचे कातडे पुढे येते तेव्हा त्याच्यासमोरची हवा दाटते, मागे जाते तेव्हा ती विरळ होते. दाट आणि विरळ पट्ट्यांची ही रांग हवेतून पुढे सरकत कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचते. २० अंश सेल्सियस तापमानाला तिचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो.

या लहरीबद्दल तीन गोष्टी माहीत असल्या की आपले काम भागते. पहिली वारंवारता, म्हणजे एका सेकंदात किती वेळा हवा दाटते आणि विरळ होते. ती हर्ट्‌झमध्ये मोजतात. दुसरी आयाम, म्हणजे दाबाचा हा चढउतार किती मोठा आहे. तिसरी कला, म्हणजे या क्षणी लहर आपल्या फेऱ्यात कोठे आहे : चढावर, माथ्यावर, उतारावर की तळाशी. एक पूर्ण फेरा ३६० अंशांचा मानतात.

वारंवारतेवरून तरंगलांबी काढता येते. ध्वनीच्या वेगाला वारंवारतेने भागले की झाले. १०० हर्ट्‌झची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, १,००० हर्ट्‌झची सुमारे ३४ सेंटिमीटर, आणि ४,००० हर्ट्‌झची केवळ साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. हे तीन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत; पुढील सर्व विवेचन त्यांच्यावर उभे आहे.

दोन लहरींची बेरीज

एकाच ठिकाणी दोन लहरी आल्या की त्यांच्या दाबांची बेरीज होते. एक लहर हवा दाटवीत असताना दुसरी तेवढीच विरळ करीत असेल, तर त्या ठिकाणी दाब मुळीच बदलत नाही आणि कानाला काही ऐकू येत नाही. याला पाठ्यपुस्तकात विनाशी व्यतिकरण म्हणतात. दोन्ही लहरी एकाच वेळी हवा दाटवू लागल्या, तर मात्र परिणाम दुप्पट होतो. अधिक पाच आणि उणे पाच यांची बेरीज शून्य, अधिक पाच आणि अधिक पाच यांची दहा, इतके हे सरळ गणित आहे.

मंडपात ध्वनिक्षेपक लावणाऱ्या कारागिराला हे अनुभवाने ठाऊक असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बॉक्सपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर आवाजातला ‘बेस’ गेला असे तो लगेच ओळखतो. एक पडदा पुढे येत असताना दुसरा मागे जातो आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. त्या कारागिराच्या दृष्टीने हा दोष आहे. वाहनाच्या केबिनमध्ये हाच दोष जाणीवपूर्वक कामाला लावलेला असतो.

मात्र ही वजाबाकी अचूक व्हावी लागते. उलट लहर आकाराने दहा टक्के चुकली, पण वेळेत बरोबर असली, तर मूळ लहरीचा एक-दशांश भाग शिल्लक राहतो. म्हणजे आवाज २० डेसिबेलने कमी होतो. हे उत्तम यश होय. आकार अगदी बरोबर पण कलेत ३० अंशांची चूक असली, तर निम्म्याहून थोडा अधिक आयाम उरतो आणि घट सहा डेसिबेलपेक्षाही कमी भरते. चूक ६० अंशांवर गेली की काहीच फायदा होत नाही. त्यापुढे मात्र आवाज वाढू लागतो, आणि चूक १८० अंशांची झाली तर आयाम दुप्पट होतो. तेव्हा या तंत्रात आवाजाच्या मोठेपणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व वेळेला आहे.

थोडा इतिहास

ही कल्पना नवीन नाही. जर्मनीतील पॉल ल्यूग यांनी १९३४ मध्ये अमेरिकेत यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९३६ मध्ये तो मंजूर झाला. नळीतून येणारा आवाज मायक्रोफोनने टिपावा, पुढे लावलेल्या लाउडस्पीकरमधून त्याची उलट लहर सोडावी आणि दोन्ही विझवाव्यात, अशी त्यांची योजना होती. विचार योग्य होता; परंतु तो अमलात आणण्याजोगी साधने त्या काळी नव्हती.

१९५३ मध्ये अमेरिकेत हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी ‘इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक’ सादर केला. आसनावर बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळ मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर ठेवून तेवढ्याच जागेत शांतता निर्माण करता येईल, असे त्यांनी दाखविले. आजच्या मोटारींतील डोकेटेकूत बसविलेल्या स्पीकरांची कल्पना तेथपर्यंत मागे जाते.

पुढचा महत्त्वाचा टप्पा गणिताचा आहे. १९६० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी यंत्राने स्वतःची चूक पाहून स्वतःला थोडे थोडे सुधारत जाण्याची एक सोपी रीत शोधली. याच हॉफ यांचा पुढे पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरच्या निर्मितीत मोठा वाटा होता. गंमत अशी की केबिनमधील गोंगाट-नियंत्रणाला या दोन्ही गोष्टी लागतात : ती रीत आणि ती चकती.

अमर गोपाल बोस हे नाव आपल्या वाचकांना परिचित असेल. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिक पित्याचे हे पुत्र मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला परतताना विमानातील हेडफोनमधून संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा गोंगाट पुसून टाकणाऱ्या हेडफोनची आकडेमोड त्यांनी प्रवासातच सुरू केली. १९८६ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या दोन्ही वैमानिकांनी असे प्रायोगिक हेडफोन वापरले आणि १९८९ मध्ये ते वैमानिकांसाठी बाजारात आले.

हेडफोन कानाला चिकटून असतो. संपूर्ण केबिनचे काम त्याहून अवघड. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात स्टीफन एलियट, फिलिप नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अनेक मायक्रोफोन व अनेक स्पीकर एकत्र चालविण्याची पद्धत विकसित केली. पंख्याच्या एका प्रवासी विमानात १६ लाउडस्पीकर आणि ३२ मायक्रोफोन बसवून त्यांनी प्रत्यक्ष उड्डाणात चाचणी घेतली. १९९४ मध्ये साब ३४० या विमानात अशी प्रणाली व्यापारी तत्त्वावर आली. त्यानंतर आलेल्या डॅश-८ विमानांच्या नावात जे ‘क्यू’ अक्षर आहे, ते ‘शांत’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. आपल्याकडे स्पाइसजेटने वापरलेली क्यू-४०० विमाने याच कुळातील आहेत.

मोटारींत पहिला मान जपानकडे जातो. १९९०च्या दशकाच्या आरंभी निसान ब्ल्यूबर्डमध्ये इंजिनाचा घोष कमी करणारी प्रणाली आली. २००० मध्ये होंडाने अकॉर्ड वॅगनमध्ये रस्त्यामुळे होणाऱ्या, ४० हर्ट्‌झच्या आसपासच्या घुमणाऱ्या आवाजावर उपाय केला. पुढच्या आसनांवर तो सुमारे १० डेसिबेलने उतरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्युंदाईने रस्त्याच्या अनियमित आवाजासाठी वेगवान प्रणाली जाहीर केली आणि पुढे ती जेनेसिस मोटारींत बसविली.

केबिनमध्ये प्रत्यक्ष काय घडते

इंजिनाचा आवाज हा त्यातल्या त्यात सोपा शत्रू आहे, कारण तो पुन्हा पुन्हा तसाच येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात आसाच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे आणि १०० स्फोट. म्हणून मुख्य घोष १०० हर्ट्‌झचा. बसमधील सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला २५ फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट, म्हणजे ७५ हर्ट्‌झ. फेऱ्यांची गणना करणारा संवेदक इंजिनावर आधीपासूनच असतो. तेव्हा पुढचा घोष कोणत्या वारंवारतेचा येणार, हे नियंत्रकाला सतत ठाऊक असते.

प्रणालीचे चार भाग असतात. संवेदक आवाजाच्या कारणाची खबर देतो. नियंत्रक, म्हणजे छोटा संगणक, उलट लहर तयार करतो. लाउडस्पीकर ती केबिनमध्ये सोडतात. बहुधा ते गाण्यांसाठी बसविलेलेच असतात. शेवटी छतातील मायक्रोफोन ‘अजून किती आवाज उरला आहे’ ते नियंत्रकाला कळवितात. या उरलेल्या आवाजाला चूक मानून नियंत्रक आपली लहर किंचित बदलतो, पुन्हा ऐकतो, पुन्हा बदलतो. सेकंदाला हजारो वेळा हे चक्र चालते. उत्तर एकदम अचूक काढण्याऐवजी प्रत्येक वेळी थोडी चूक कमी करीत जाणे, हीच विड्रो-हॉफ यांची रीत.

येथे एक बारकावा आहे. नियंत्रकाने पाठविलेली लहर जशीच्या तशी कानापर्यंत पोहोचत नाही. स्पीकरचा स्वभाव, काचा, आसनांचे कापड, बसलेली माणसे यांमुळे तिचा आकार आणि वेळ बदलते. म्हणून ‘स्पीकरपासून मायक्रोफोनपर्यंत लहरीचे काय होते’ याचा नकाशा नियंत्रकाजवळ असावा लागतो. तो नकाशा बराच चुकला, तर सुधारणा उलट दिशेने होऊ लागते आणि केबिनमधील आवाज वाढतो. चांगल्या प्रणालीत अशा वेळी स्वतःहून बंद होण्याची सोय ठेवलेली असते.

रस्त्याच्या आवाजाचे काम अधिक कठीण, कारण खड्डा कधी येईल हे आधी कळत नाही. टायर खडबडीत रस्त्यावरून जाताना चाक, सस्पेन्शन आणि सांगाडा कंप पावतात. तो कंप पत्र्यांतून केबिनच्या हवेत उतरतो. यासाठी कंप टिपणारे संवेदक थेट चाकांजवळ, सांगाड्यावर बसवितात. कंप तेथून कानापर्यंत पोहोचेपर्यंत सेकंदाचा काही सहस्रांश वेळ मिळतो. संदेश तारेतून त्याआधी पोहोचतो, आणि नियंत्रकाने तेवढ्या सवडीत उलट लहर तयार करायची असते. ह्युंदाईने आपल्या प्रणालीला हे गणित करण्यास ०.००२ सेकंद लागतो आणि केबिनमधील आवाज सुमारे तीन डेसिबेलने कमी होतो, असे जाहीर केले होते. तीन डेसिबेल म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी. कानाला मात्र हा फरक बेताचाच जाणवतो. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेल घट लागते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे या विषयाला नवे महत्त्व आले आहे. इंजिनाचा घोष गेल्यामुळे पूर्वी त्याखाली दडलेले टायरचे आणि वाऱ्याचे आवाज उघडे पडले आहेत.

मर्यादा : जेथे उपाय थांबतो

आता आरंभी लक्षात ठेवायला सांगितलेले आकडे पुढे घेऊ. केबिनमधील अनेक दिशांनी येणाऱ्या आवाजात एका बिंदूवर शांतता साधली, तर १० डेसिबेल घट मिळणारा भाग त्या बिंदूभोवती साधारणतः तरंगलांबीच्या एक-दशांश व्यासाचा असतो. १०० हर्ट्‌झला हा व्यास सुमारे ३४ सेंटिमीटर भरतो. त्यात माणसाचे डोके आरामात मावते. १,००० हर्ट्‌झला तो साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. ४,००० हर्ट्‌झला तर तो एक सेंटिमीटरच्याही आत येतो. चालकाने आरशाकडे पाहायला मान वळविली की कान त्या शांत जागेच्या बाहेर गेला.

वेळेचेही तसेच. ६० अंशांची चूक म्हणजे १०० हर्ट्‌झला सेकंदाचा सुमारे १.७ सहस्रांश, १,००० हर्ट्‌झला त्याचा दहावा हिस्सा. तेवढ्या वेळात ध्वनी सहा सेंटिमीटरही पुढे जात नाही. म्हणून केबिनमधील सक्रिय नियंत्रण मुख्यतः काही शे हर्ट्‌झच्या खालच्या, घुमणाऱ्या आवाजांपुरते उपयोगी आहे. वाऱ्याचा सुसाट, ब्रेकचा किंचाळ, हॉर्नचा कर्कश स्वर यांवर त्याचा इलाज चालत नाही. खिडक्या उघड्या असतील तर हवेचा नकाशाच बदलतो. मात्र या मर्यादेचा एक लाभही आहे : माणसाचे बोलणे, रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या गाडीचा इशारा चालकाला ऐकू येत राहतो.

मग वरच्या वारंवारतांसाठी काय? तेथे जुने, निष्क्रिय उपाय उत्तम चालतात : दारांचे रबर, जाड काच, फेसाचे आणि नमद्याचे अस्तर, इंजिनाखालील रबरी बैठका. खर्जाच्या आवाजाला मात्र हे अस्तर जुमानत नाही. त्याला अडवायला वजन लागते. साधारण नियम असा की भिंतीचे वजन दुप्पट केले तर अडवणूक सुमारे सहा डेसिबेलने वाढते. मोटारीत इतके वजन वाढविले तर इंधन अधिक जळणार. म्हणून खालच्या आवाजाला सक्रिय उपाय आणि वरच्या आवाजाला निष्क्रिय उपाय, अशी ही कामाची वाटणी आहे.

विद्यार्थी नेहमी विचारतात, दोन आवाज मिळून शांतता झाली, तर त्यांची ऊर्जा कोठे गेली? ती नष्ट होत नाही. काही वेळा ती दुसऱ्या जागी सरकते आणि तेथे आवाज वाढतो. काही वेळा उलट लहरीमुळे स्रोतासमोरील हवेचा दाब असा बदलतो की स्रोतातून ऊर्जा बाहेर पडणेच कमी होते. काही वेळा लाउडस्पीकरचा पडदा येणारी ऊर्जा शोषून घेतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम येथेही अबाधित आहे.

चालकाचे कान

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आमच्या दृष्टीने या पाठाचा हाच गाभा आहे.

पुढे इंजिन असलेल्या जुन्या बसगाड्यांत चालकाच्या अगदी डाव्या हाताला बॉनेट असते; गर्दीत प्रवासी त्यावर बसतातही. मालमोटारीच्या केबिनमध्ये इंजिन पायाखालीच असते. उष्म्यामुळे काचा खाली केलेल्या असतात आणि बाहेरचा हॉर्न थेट कानात शिरतो. वर्षानुवर्षे हा आवाज सोसणाऱ्या चालकाला घरची माणसे ‘जरा मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही’ असे म्हणतात, तेव्हा ते वयावर ढकलले जाते.

आपल्या आंतरकर्णात शंखाच्या आकाराची नळी असते आणि तिच्यात हजारो केसपेशी असतात. त्या आवाजाच्या कंपाचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर करतात. मोठ्या आवाजाने मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ही हानी बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, विशेषतः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द ओळखता येत नाहीत, कारण स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या वारंवारतांवर अवलंबून असते.

सुरक्षित मर्यादेबद्दल व्यापकपणे मानला जाणारा दंडक असा : कानाच्या संवेदनेनुसार मोजलेला ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत. त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबेलला वेळ निम्मी करावी. ८८ डेसिबेलला चार तास, ९१ डेसिबेलला दोन तास. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा आहे.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सक्रिय प्रणाली काम करते काही शे हर्ट्‌झच्या खाली. कानाची हानी सुरू होते ४,००० हर्ट्‌झच्या आसपास. जेथे प्रणाली बलवान आहे, तेथे कान तुलनेने सुरक्षित आहे. जेथे कान दुबळा आहे, तेथे प्रणाली हात टेकते. शिवाय कानाच्या संवेदनेनुसार मोजताना १०० हर्ट्‌झचा आवाज सुमारे १९ डेसिबेलने कमी धरला जातो. म्हणजे खर्जाचा घोष पुष्कळ उतरला, तरी सुरक्षिततेच्या मापावर फरक थोडाच पडू शकतो.

याचा अर्थ ही प्रणाली निरुपयोगी आहे असा कोणी घेऊ नये. सततच्या घोषाने डोके जड होते, थकवा येतो आणि गाणे किंवा बोलणे ऐकण्यासाठी आवाज वाढवावा लागतो. हे सारे तिने कमी होते. परंतु तिला श्रवणसंरक्षक समजणे ही फसगत ठरेल. चालकाचे कान वाचवायचे असतील तर साधे उपाय आधी करावे लागतात : बॉनेटचे अस्तर फाटलेले नसावे, दाराचे आणि खिडकीचे रबर शाबूत असावे, सायलेन्सर गळका नसावा, खिळखिळे पत्रे आवळलेले असावेत, आणि काचा बंद ठेवता याव्यात.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन आवश्यक केले. हा निर्णय उष्म्यासाठी आहे. तथापि थंड केबिनची काच बंद राहते, आणि बंद काच हॉर्नचा वरच्या वारंवारतेचा आवाज अडविते. चालकाच्या श्रवणासाठी हा लाभ कोणत्याही लाउडस्पीकरपेक्षा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

जे बांधव चालक आहेत त्यांनी कानांची तपासणी करून घ्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ऑडिओमेट्री ही वेदनारहित चाचणी आहे. कानात शिटी वाजल्यासारखे वाटणे, पाळी संपल्यावर काही वेळ ऐकू कमी येणे, गर्दीत बोलणे न उमजणे ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. गेलेले श्रवण परत आणता येत नाही. उरलेले राखता येते.

काचेच्या आतली आणि बाहेरची शांतता

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. केबिनमधील प्रणाली शांतता देते ती आतल्या माणसांना. रस्त्याकडेच्या घरातील आजाऱ्याला, फळविक्रेत्याला, वसतिगृहात अभ्यास करणाऱ्या मुलाला तिचा काहीच उपयोग नाही. गाडी बाहेरून तितकीच वाजत असते. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तेथे ती दिवसा ५०, रात्री ४० डेसिबेल आहे. ही शांतता विकत घेण्याची वस्तू नसून सर्वांचा समान हक्क आहे. तो राखण्यास नियंत्रक किंवा चकती लागत नाही. विनाकारण हॉर्न न वाजविणे आणि सायलेन्सर वेळेवर दुरुस्त करणे एवढे पुरते.

समारोप

आवाजाला आवाजाचे उत्तर देता येते, हे आपण पाहिले. ते उत्तर योग्य आकाराचे, योग्य वेळी आणि योग्य जागी द्यावे लागते. त्यासाठी मूळ आवाज लक्षपूर्वक ऐकावा लागतो. त्याचे क्षेत्र बंद केबिनमधील खर्जाच्या आवाजाचे आहे. त्यापलीकडे गोंगाट उगमापाशी कमी करण्याला पर्याय नाही.

आज शाळेत शिकणाऱ्या मुलांना आम्ही सांगू इच्छितो की ज्या त्रिकोणमितीला तुम्ही कंटाळता, तिच्यातील साइन आणि कोसाइन याच प्रणालीत राबत असतात. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांचा आवाज आणि कंप यांची तपासणी होते. त्या क्षेत्राची वाट दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातून आणि गणितातूनच जाते. ज्याच्या घरातील वडील किंवा काका इंजिनाशेजारी बसून कुटुंब चालवितात, त्या मुलाने उद्या अधिक शांत बस घडवावी, यासारखे समाधान शिक्षकाला दुसरे नाही.

स्वाध्याय

१. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत आहे. त्याच्या मुख्य घोषाची वारंवारता आणि तरंगलांबी काढा.

२. घरातील टेपरेकॉर्डर किंवा स्टीरिओचे दोन सुटे स्पीकर समोरासमोर, जवळजवळ चिकटवून ठेवा आणि दोन्हींतून एकच खर्जाचा स्वर वाजवा. वीज बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा व पुन्हा ऐका. काय फरक पडला? स्पीकर एकमेकांपासून एक मीटर दूर नेल्यावर काय होते? कारण लिहा.

३. शिट्टीसारख्या उंच स्वराने हाच प्रयोग तितका यशस्वी का होत नाही? तरंगलांबीच्या आधारे स्पष्ट करा.

४. तुमच्या गावच्या बसच्या चालकाशी बोला. दिवसाचे किती तास ते इंजिनाशेजारी बसतात? त्यांच्या कानांची तपासणी कधी झाली आहे काय? उत्तर वहीत नोंदवा आणि घरी वाचून दाखवा.